कंबरदुखी, एक यंत्र आणि एक फाईल

मैत्रिणींनो, कंबर दुखत नाही अशी बाई मला अजून भेटायची आहे. कुणाची बाळंतपणापासून दुखते, कुणाची कळश्या वाहून, कुणाची बँकेत आठ-आठ तास खुर्चीवर बसून. आपण तेल चोळतो, गरम पाण्याची पिशवी घेतो, फारच झालं तर पट्टा बांधतो आणि "चालायचंच!" म्हणून फोडणी टाकायला उठतो. पण आज मी सांगणार आहे ते दुखणं निराळ्या जातीचं. ते तेलानं जात नाही, गोळीनं जात नाही आणि काहीजणींच्या बाबतीत मणक्याचं ऑपरेशन होऊनही तसंच राहतं. नुसती कूस बदलली तरी पायातून विजेसारखी कळ जाते. अशा दुखण्यासाठी शरीराच्या आत बसवायची यंत्रं निघालेली आहेत. ती गोरगरिबांच्या रुग्णालयात कशी येतात आणि आल्यावर त्यांचं पुढे काय होतं, हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिलेलं आहे.

माझी सारी नोकरी एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या भांडार विभागात झाली. रुग्णालयाला जोडून वैद्यकीय महाविद्यालय, त्यामुळे कापसाच्या गुंडाळ्यांपासून हृदयाच्या झडपांपर्यंत सगळ्याची मागणीपत्रं आमच्याकडे यायची. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. तिथल्या पुष्कळांनी पुष्कळ चांगलं काम केलं, आणि जे चुकलं ते कुठल्याही कचेरीत चुकलं असतं.

२०१४ साली भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या विभागाकडून एक मागणीपत्र आलं. 'स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर, ४ नग. औषधाचा इम्प्लांट पंप, २ नग.' 'नग' शब्दाला हसू नका. भांडारात सगळंच नग असतं. अंदाजे किमतीचा रकाना बघून आमच्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. एकेक नग लाखांच्या घरातला! हृदयातले स्टेंट आणि गुडघ्याचे सांधे यांच्या किमतींवर सरकारनं मर्यादा घातली ती २०१७ साली. या यंत्रांना तेव्हा तशी मर्यादा नव्हतीच.

विभागप्रमुख एक मॅडम होत्या. फाईल घेऊन मी त्यांच्याकडे गेले, कारण टिपणी लिहायची तर वस्तू काय आहे ते तरी कळायला हवं. त्यांनी मला जे सांगितलं ते इतकं सोपं होतं की तेच तुम्हाला सांगते. मूल पडलं, गुडघा फुटला की आपण पहिल्यांदा काय करतो? तिथे चोळतो. आणि चोळल्यावर मुलाचं रडं कमी होतं. हे नुसतं मायेनं होत नाही. चोळण्याची संवेदना आणि दुखण्याची संवेदना पाठीच्या कण्यातून मेंदूकडे निघतात, तिथे जणू एक दार असतं. चोळण्याची संवेदना दारात गर्दी करते आणि दुखण्याला आत शिरायला वाव कमी मिळतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली हा 'दारा'चा सिद्धांत मांडला. (आपल्या आज्या तो त्याआधीपासून वापरत होत्या, पण त्यांनी तो लिहून काढला नाही, ही गोष्ट वेगळी.) पुढे दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, अमेरिकेत क्लीव्हलँडला नॉर्मन शीली या मेंदूच्या शल्यविशारदांनी एका रोग्याच्या मज्जारज्जूजवळ विजेची तार बसवली. आजची यंत्रं म्हणजे त्याच तारेची नातवंडं. कण्याजवळ बारीक तार आणि कमरेवर किंवा पोटावर कातडीखाली काडेपेटीसारखी बॅटरी. तारेतून हलका करंट जातो, दुखत्या जागी मुंग्या आल्यासारखं वाटतं आणि कळ दबते. मुंग्या न आणणारे प्रकारही आता निघालेत.

पंपाची तऱ्हा दुसरी. वाटीच्या तोंडाएवढी गोल डबी पोटाच्या कातडीखाली बसवतात आणि तिच्यातून मॉर्फिनसारखं औषध थेंबाथेंबानं कण्यातल्या पाण्यात सोडतात. औषध जागच्या जागी मिळतं, त्यामुळे तोंडानं घेण्याच्या साधारण तीनशेव्या हिश्शानं काम होतं. पण डबी रिकामी होते. दर महिन्या-तीन महिन्यांनी कातडीतून सुई घालून ती भरावी लागते. भरायची राहिली तर औषध एकदम बंद पडतं आणि ते बंद पडणं जिवावरही बेतू शकतं.

हे सांगता सांगताच मॅडमनी माझ्या हातातली फाईल घेतली आणि पंपांच्या ओळीवर काट मारली. म्हणाल्या, "आपले पेशंट तीन-तीन जिल्ह्यांतून येतात. पेरणीच्या दिवसांत, परीक्षेच्या दिवसांत, घरात लग्न असताना ही बाई वेळेवर डबी भरायला येईल, याची हमी कोण देणार? आधी मॉर्फिनच्या गोळ्यांचं बघू."

मॉर्फिनच्या गोळ्यांची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. त्या महाग नाहीत. कॅन्सरच्या वेदनांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली औषधांची पायरी-पायरीची पद्धत सांगितली, तिच्यात वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. पण आपल्याकडे १९८५चा अमली पदार्थांचा कायदा इतका कडक झाला की परवान्यांच्या कटकटीपायी कितीतरी रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवान्यांची भानगड कमी झाली. लाखांच्या यंत्राची चर्चा चाललेली असताना थोडक्या पैशांची गोळी कपाटात नसावी, हे मॅडमना सहन होत नव्हतं. त्यांनी आधी ते कपाट भरून घेतलं. मला तर वाटतं, त्या वर्षातली सगळ्यांत मोठी खरेदी तीच.

राहिले चार स्टिम्युलेटर. खरेदी समितीपुढे विषय आला तेव्हा तुलनात्मक तक्ता घेऊन मी कोपऱ्यात बसले होते. समितीतले एक सदस्य म्हणाले, "दुखण्यानं कुणी मरत नाही. एवढ्या पैशांत किती बेबी वॉर्मर येतील!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मरत नाही, हीच त्यांची तक्रार आहे, साहेब."

खोली गप्प झाली. पण मी त्या सदस्यांना खलनायक ठरवणार नाही. पैसे एकाच पाटीतून काढायचे असतात. आपण नाही का, मुलाची फी आणि सासूबाईंचा चष्मा एकाच महिन्यात आला की गणित मांडत बसतो? त्यांचा प्रश्न रास्त होता. फक्त तो नेहमी दुखण्याच्याच वेळी विचारला जातो, आणि दुखणारी बाई असली की जरा जास्तच जोरानं. बाईची कंबर म्हणजे अर्धं नाटक, ही समजूत घरातून निघते ती थेट समितीच्या टेबलापर्यंत पोचते.

मंजुरी मिळाली. निविदा निघाली. तांत्रिक लिफाफे, दराचे लिफाफे, सगळं रीतसर. सर्वांत कमी दर होता चार्ज न करता येणाऱ्या बॅटरीच्या यंत्राचा. अशी बॅटरी काही वर्षं चालते, मग छोटं ऑपरेशन करून बदलायची. दुसरा प्रकार मोबाइलसारखा चार्ज करायचा. तो बरीच जास्त वर्षं चालतो, पण महाग. नियम कमी दराचा, म्हणून पहिला आला. तसं पाहिलं तर जिच्या घरी वीज दिवसदिवस जाते, किंवा जिला चार्जरची खटपट झेपणार नाही, तिला तोच बरा. पण ही निवड पेशंट बघून व्हायला हवी. आमच्याकडे ती बेरीज बघून झाली.

यंत्र सरळ बसवत नाहीत, हे मला फार आवडलं. आधी तार तेवढी घालतात, बॅटरी बाहेर, कमरेच्या पट्ट्याला. आठवडाभर तसं राहून बघायचं. दुखणं निम्म्याच्या आसपास तरी उतरलं, तर पुढचं. नाहीतर तार काढून टाकायची. साडी नेसून आरशात बघून मग घ्यायची, तसंच म्हणा ना!

त्या चारांतल्या एक बाई मला चांगल्या आठवतात. चाळिशीच्या, मणक्याची दोन ऑपरेशनं झालेली, डावा पाय सतत जळायचा. यजमान एसटीच्या वर्कशॉपमध्ये. तारेच्या आठवड्यात मॅडमनी त्यांना वही दिली आणि सांगितलं, "दहापैकी किती दुखतं ते लिहाच, पण त्याबरोबर काय काय करता आलं तेही लिहा." पहिल्या पानावर 'काय करायचं आहे' अशी ओळ होती. तिथे बाईंनी लिहिलं होतं: ओट्याशी उभं राहून वीस पोळ्या लाटायच्या आहेत. बघा आम्हां बायकांच्या इच्छा! लाखांचं यंत्र आणि मागणं वीस पोळ्यांचं. मॅडमनी मात्र ते वाक्य केसपेपरवर जसंच्या तसं उतरवून घेतलं. पाचव्या दिवशी वहीत नोंद होती, 'चौदा. मग बसले.' त्यांना यंत्र बसलं.

दुसऱ्या एक बाईंना आठवडाभरात काहीच फरक पडला नाही. तार काढावी लागली. त्या खूप रडल्या. पण मॅडम म्हणाल्या, "पाठ फाडून बॅटरी बसवून मग रडण्यापेक्षा हे बरं." त्यांचा नग कपाटात राहिला. आणि इथे भांडाराची एक गंमत सांगते, गंमत कसली, पोटात गोळा आणणारी गोष्ट. या यंत्रांच्या निर्जंतुक खोक्यावर तारीख असते. मसाल्याच्या पाकिटावर असते तशीच. तारीख उलटली की लाखाची वस्तू वाया. ते खोकं उघडून योग्य पेशंटच्या पाठीत जाईपर्यंत रोज कपाट उघडताना माझं लक्ष त्या तारखेकडे जायचं.

आता मुख्य गोष्ट. साधारण चार वर्षांनी, २०१८च्या पावसाळ्यात, त्याच पोळ्यांच्या बाई भांडाराच्या खिडकीशी उभ्या. एका हातानं भिंत धरलेली.

"ताई, माझी बॅटरी संपली हो. सगळीकडे जाऊन आले. कुठल्या खिडकीवर सांगू?"

मी त्यांना आत बोलावून बसवलं. बसता येईना, म्हणून त्या उभ्याच राहिल्या. कंपनीच्या माणसानं तपासून सांगितलं होतं, नवी बॅटरी घ्या. किंमत ऐकून यजमानांनी वर्कशॉपच्या पतपेढीत विचारणा केली होती. रुग्णालयात विचारलं तर उत्तर मिळालं की यंत्रं एकदाच मिळालेल्या विशेष अनुदानातून घेतली होती, ते अनुदान संपलं. बॅटरीसाठी लेखाशीर्ष नाही. लेखाशीर्ष म्हणजे पैसे कुठल्या नावाखाली खर्च करायचे ते खातं. खातं नाही, म्हणजे कागदावर ती बॅटरीच नाही. पाठीत मात्र होती, बंद पडलेली.

आठ महिने लागले! फाईल खालून वर गेली, वरून 'कृपया चर्चा करावी' असा शेरा घेऊन खाली आली. वैद्यकीय समाजसेवकांनी दोन धर्मादाय ट्रस्टांना पत्रं लिहिली, थोडे पैसे तिथून आले, थोडे रुग्णालयाच्या गरीब रुग्ण निधीतून. आठ महिन्यांनी बॅटरी बदलली. त्या आठ महिन्यांत त्या बाईंची अवस्था पूर्वीपेक्षाही वाईट झाली, असं त्यांच्या यजमानांनी मला सांगितलं. चार वर्षं झोप लागायची सवय झालेली, ती परत गेली. धाकट्या मुलीनं बारावीच्या वर्षात पोळ्या केल्या.

मला राग आला तो एका माणसाचा नव्हे. आपण घरात मिक्सर घेतो तेव्हासुद्धा विचारतो, भांडं वेगळं मिळतं का, सर्व्हिस कुठे, वॉरंटी किती. कुकर घेताना रबराची रिंग बाजारात मिळेल ना, हे बघतो. आणि माणसाच्या पाठीत बसवायची वस्तू घेताना कुणीही विचारलं नव्हतं की चार वर्षांनी काय? अनुदानाचा पैसा वर्ष संपायच्या आत खर्च करायचा असतो, त्या घाईत चार वर्षांनंतरचं पान कुणी उलटत नाही. उद्घाटनाला फोटो निघतात. बॅटरी बदलण्याला कोण फोटो काढणार?

पुढच्या मागणीच्या वेळी मॅडमनी निविदेच्या अटी नव्यानं लिहिल्या आणि त्या टाइप मी केल्या, म्हणून मला पाठ आहेत. यंत्राबरोबर नव्या बॅटरीचा दरही आजच बांधून घ्यायचा, तोही काही वर्षांसाठी. चाचणीच्या तारा यंत्रांपेक्षा जास्त मागवायच्या, कारण सगळ्यांच्याच चाचण्या यशस्वी होत नाहीत. करंट कमीजास्त करण्याचं उपकरण रुग्णालयाच्या ताब्यात हवं. आधी ते कंपनीचा माणूस बॅगेतून आणायचा आणि तो रजेवर गेला की पेशंट ताटकळायचे. दोन डॉक्टर आणि दोन सिस्टर यांना प्रशिक्षण. आणि खोकी कंपनीच्या मालकीची म्हणून आमच्या कपाटात राहतील, वापरू तेवढ्याचेच पैसे. या शेवटच्या अटीनं माझी तारखेची काळजी मिटली. लेखा विभागानं कुरकुर केली, पण 'शरीरातील यंत्रांची देखभाल' असं एक खातं अखेर उघडलं गेलं. त्यात पहिल्या वर्षी पडलेली रक्कम फारच किरकोळ होती. पण खातं होतं.

तुम्ही विचाराल, एवढं करून या यंत्राचा गुण तरी येतो का? खरं सांगायचं तर डॉक्टरांतच यावर वाद आहे. नॉर्वेत ट्रोंडहेम इथे पाठीच्या ऑपरेशननंतरही दुखणं राहिलेल्या ५० जणांवर प्रयोग झाला. यंत्र बसवून ते तीन-तीन महिने आळीपाळीनं चालू आणि बंद ठेवलं. केव्हा काय, ते पेशंटना कळू दिलं नाही. मुंग्या न आणणारा करंट होता, त्यामुळे कळायला मार्गही नव्हता. २०२२ साली निकाल छापला गेला: चालू आणि बंद यांत म्हणण्यासारखा फरक नाही. पुढच्याच वर्षी कॉक्रेन या संस्थेनं कंबरदुखीवरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, त्याचाही सूर असाच होता. उलट मधुमेहानं पायाच्या नसा जळणाऱ्या २१६ रोग्यांच्या २०२१च्या अमेरिकेतल्या अभ्यासात यंत्रवाल्यांचा आराम बराच जास्त दिसला. मात्र तिथे खोटं यंत्र लावून तुलना केलेली नव्हती. वर तार सरकण्याची, जंतुसंसर्गाची जोखीम असतेच. मॅडमना मी हे विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर वही."

त्या बाईंच्या चौदा पोळ्या यंत्रामुळे झाल्या की आशेमुळे, हे मी कशी सांगणार? पण बॅटरी बंद पडल्यावरचे आठ महिने मी डोळ्यांनी पाहिलेत. आणि रुग्णालयानं एकदा एखादीच्या शरीरात वस्तू ठेवली की पुढची जबाबदारी तिचीच, हे मला कुठल्याच प्रयोगावरून पटणार नाही.

तुमच्या घरात, शेजारात कुणाला असं यंत्र सुचवलं गेलं, तर सार्वजनिक रुग्णालय असो की खासगी, आधी लाजू नका. 'एवढे मोठे डॉक्टर, त्यांना काय विचारायचं' असं आपल्याकडे फार. विचारा: आधी आठवड्याची चाचणी करणार ना? बॅटरी चार्जिंगची की बदलायची, आणि बदलायचा खर्च कुणाचा? करंट जुळवायला कुठे यावं लागेल, तिथलं माणूस नेमकं कोण? एमआरआय पुढे लागला तर या यंत्रासकट करता येईल का? मधुमेहाच्या पेशंट असाल तर साखर आधी ताब्यात आणा. जखम भरण्याचा प्रश्न असतो. आणि वही ठेवा. रोज दोन ओळी पुरे. किती दुखलं यापेक्षा किती वेळ उभी राहिले, किती झोपले, नातवाला उचलून घेतलं का, हे लिहा. घरच्यांनाही ती वही वाचायला द्या. नवऱ्याला तोंडी सांगितलेलं आठवत नाही, लिहिलेलं आठवतं, असा माझा अनुभव आहे!

आणखी एक. यंत्राच्या खोक्यात क्रमांकाचे स्टिकर असतात. एक केसपेपरवर, एक भांडाराच्या नोंदवहीत आणि क्रमांकासह एक कार्ड पेशंटला मिळालंच पाहिजे. ते मागून घ्या, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि मूळ कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत न टाकता पर्समध्ये ठेवा. विमानतळावर लागेल, दुसऱ्या गावी दवाखान्यात लागेल. आणि फिजिओथेरपीला गेलात तर शेकाच्या यंत्राखाली झोपण्याआधी ते जरूर दाखवा. डायथर्मी म्हणून जो शेक देतात तो असं यंत्र बसवलेल्यांना अजिबात चालत नाही. तारेच्या टोकाशी उष्णता साठून मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते. शेक देणारी मुलगी नवी असेल, तिला ठाऊक नसेल. तेव्हा तिनं विचारायची वाट न बघता आपणच सांगायचं.